सरनदीपची तयारी

आमच्या मोहल्ल्यात पासपोर्ट दोनच कारणांसाठी निघतो. पुरुषाचा निघाला तर तो गल्फला चाललाय आणि बाईचा निघाला तर ती उमऱ्याला चाललीय, असं समजून लोक मोकळे होतात. त्यामुळे माझा पासपोर्ट आला तेव्हा शेजारच्या खालाजान मुबारकबाद द्यायला आल्या. "मक्का-मदिन्यात आमच्यासाठी दुआ करा," म्हणाल्या. मी म्हटलं, "खाला, इन्शाअल्लाह तिथंही जाऊ. पण आत्ता श्रीलंकेला चाललेय, मैत्रिणींबरोबर." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिथं काय आहे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या आत आणखी प्रश्न आहेत. पंचेचाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई नवऱ्याशिवाय, कामाशिवाय आणि इबादतीचं कारण नसताना परदेशी का जाते? गेले काही महिने मी हा प्रश्न घरात, शाळेत, लग्नाच्या मांडवात ऐकते आहे. म्हणून तयारीबरोबर त्याचंही उत्तर लिहून काढायचं ठरवलं.

आम्ही चौघी बी.एड.च्या वसतिगृहातल्या. तिथं आमची ओळख विषयावरून असायची, ती अजून तशीच आहे. भूगोलवाली साताऱ्याच्या माण तालुक्यातली. विज्ञानवाली वर्ध्याची, बौद्ध घरातली. गणितवाली सोलापूरची, आणि मी चिपळूणची भाषावाली. "नोकरी लागली की चौघी मिळून लांब कुठंतरी जाऊ" असं तेव्हा ठरलं होतं. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मुलं दहावी-बारावीला आली, सासू-सासरे आजारी पडले, आणि लांब जायचं राहूनच गेलं. जून 2023 मध्ये गणितवालीने भिशी सुरू केली, दर महिन्याला प्रत्येकीचे 2,000 रुपये. या एप्रिलअखेर माणशी 70,000 होतील. पैसे साठायला लागले तशी बोलण्याला धार आली.

सुरुवातीला सगळ्यांनी सहल कंपनीबरोबर जायचा सल्ला दिला. एका कंपनीचं पत्रक आम्ही मागवलंही. सहा रात्रींत चौदा ठिकाणं. सकाळी साडेसहाला नाश्ता, सातला बस, मध्ये खरेदीचे दोन तास सक्तीचे. विज्ञानवाली म्हणाली, "अगं, हे शाळेचं वेळापत्रकच झालं. फक्त घंटा नाही." वर्षभर घंटेवर चालणाऱ्या चार बायकांनी सुट्टीतही घंटेवरच चालायचं? म्हणून मोकळा प्रवास करायचा ठरलं. मात्र मोकळा म्हणजे बिनतयारीचा नव्हे. उलट त्यालाच तयारी जास्त लागते, हे आता कळतंय.

आधी मेहरमचा प्रश्न, कारण तो टाळून पुढे जाता येणार नाही. माझ्या सासूबाईंना मी अम्मीच म्हणते. त्यांनी सरळ विचारलं, "बरोबर पुरुष कोण?" मी आमच्या मौलानांना जाऊन विचारलं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई फिकहमध्ये फर्ज हजसाठी बाईला विश्वासू बायकांच्या सोबतीने जाण्याची मुभा आहे, पण ती फर्जासाठी आहे, फिरण्यासाठी नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आजचे काही उलेमा रस्ता सुरक्षित असेल तर ही मुभा इतर प्रवासालाही लागू करतात, हेही त्यांनी सांगितलं. मत वेगळं असूनही दोन्ही बाजू सांगितल्या, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. आपल्या सरकारने 2018 च्या हजपासून 45 वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय जाण्याची परवानगी दिली, तेव्हा अट होती की किमान चौघी मिळून असाव्यात. मी अम्मींना म्हटलं, "आम्हीही चौघीच आहोत." त्या हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी विचारलं, "थंडी असते का तिथं? शाल नेशील?" घरचे म्हणाले, "हजचे पैसे वेगळे आहेत, त्याला हात लागत नाही. जा तू." ज्यांना मौलानांचं पहिलं मत पटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मी दुसरं मत स्वीकारलं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

आता तयारी. भूगोलवालीने पहिल्याच बैठकीत वहीत दोन रकाने आखले. एकात आपल्या हातात नसलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात आपण बदलू शकतो त्या. ती म्हणाली, "पहिला रकाना नीट भरला की दुसरा मोकळा सोडायला भीती वाटत नाही."

पहिल्या रकान्यात सगळ्यात वर पाऊस. श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या भागाएवढी, पण तिला दोन पावसाळे आहेत. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा कोलंबो, गॉल आणि पश्चिमेकडच्या डोंगरांवर पाऊस पाडतो. तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा ईशान्येकडून येतो आणि चित्र उलटं होतं. कारण बेटाच्या मधोमध उभा असलेला डोंगर. हे समजायला आम्हा दोघींना नकाशा लागला नाही. सह्याद्रीच्या या बाजूला चिपळूण आणि त्या बाजूला माण. 22 जुलै 2021 ला आमच्या शहरात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं आणि तिच्या तालुक्यात पाण्याचा टँकर ही नेहमीची गोष्ट. ती मला वसतिगृहातही म्हणायची, "आमचा पाऊस तुम्हीच अडवून ठेवता."

दुसरी गोष्ट सुट्टी. 1 मेला झेंडावंदन आणि निकाल झाले की आम्ही सुटतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात बकरी ईद आहे, तोवर घरी परतायलाच हवं. म्हणून 5 ते 17 मे. यातून मार्गही आपोआप ठरला. पावसाची बाजू आधी आणि कोरडी बाजू नंतर. कोलंबोहून डोंगरात, तिथून कँडी, मग अनुराधपुरा, शेवटी पूर्वेला त्रिंकोमाली, आणि परत कोलंबो. डोंगराच्या सावलीतला समुद्र शेवटी ठेवला, कारण तोवर पश्चिमेकडे ढग जमायला लागलेले असतील.

तिसरी गोष्ट सरकारी काम. जनगणनेच्या घरयादीचा टप्पा 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आहे, आणि असं काम म्हटलं की शिक्षक आलेच. आमच्यापैकी कुणाचा आदेश कधी निघेल ते आमच्या हातात नाही. म्हणून चौघींनी एकमेकींना आधीच सांगून टाकलं की एकीचा आदेश आला तर उरलेल्या तिघी जातील आणि जिचं राहिलं तिचे उरलेले पैसे भिशीत तिच्याच नावावर राहतील. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण मैत्री टिकते ती असल्याच कोरड्या वाक्यांवर. ऐनवेळी "तू नाहीस तर आम्हीही नाही" म्हणायचं आणि मग वर्षभर मनात धरून बसायचं, हे बायकांच्या किती बेतांचं झालंय!

चौथी गोष्ट त्या देशाची स्थिती. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवाह चक्रीवादळाने श्रीलंकेत हाहाकार केला. शेकडो माणसं गेली, डोंगरात दरडी कोसळल्या, चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान झालं. त्या निळ्या रेल्वेच्या दारात बसून काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, आम्हीही पाहिले होते. पण आमचा बेत आम्ही त्या रेल्वेवर टांगून ठेवलेला नाही. गाडी असेल तर गाडीने, नाहीतर बसने, आणि रस्ता बंद असेल तर डोंगर सोडून सरळ कँडी. अशा वेळी जावं का, असंही गणितवालीने विचारलं. 2021 च्या पुरानंतर आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांना सगळ्यात जास्त काय हवं होतं ते मला आठवलं. गिऱ्हाईक. लोक येऊन फोटो काढून गेले तर राग यायचा, येऊन सामान घेतलं तर बरं वाटायचं. म्हणून जायचं, छोट्या खाणावळीत जेवायचं, घरगुती मुक्कामात राहायचं, आणि पडलेल्या घरांसमोर मोबाइल काढायचा नाही.

दुसऱ्या रकान्यात प्रत्येकीला एकच जागा मागायची मुभा होती. एकीची एक जागा, ती शक्यतो चुकवायची नाही. बाकी सगळं रस्त्यावर ठरेल.

विज्ञानवालीने अनुराधपुरा मागितलं. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा समुद्र ओलांडून घेऊन गेली आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ती तिथं लावली गेली, असं परंपरा सांगते. ते झाड आजही आहे. विज्ञानवाली म्हणाली, "1950 साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. माझे वडील कधी बोधगयेलाही जाऊ शकले नाहीत. मला तिथं पांढरी साडी नेसून तासभर नुसतं बसायचंय. तुम्ही थांबाल ना?" तो तास आम्ही वहीत लिहून ठेवला आणि भोवती चौकट केली. संघमित्रेची गोष्ट ऐकून अम्मी म्हणाल्या, "म्हणजे तिच्याबरोबर कोण होतं?" मी म्हटलं, "भिक्षुणी होत्या. बायकाच." अम्मी गप्प बसल्या.

भूगोलवालीला त्रिंकोमाली हवं. स्वामी रॉकवरचं कोणेश्वराचं मंदिर, खाली थेट समुद्र, आणि त्या नैसर्गिक बंदरासाठी पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळे का भांडले ते डोळ्यांनी बघायचंय. गणितवालीने काहीच मागितलं नाही. खूप आग्रह केल्यावर म्हणाली, "मला एक दिवस असा हवा ज्या दिवशी कुणी मला काय करायचंय ते विचारणार नाही. मी झोपेन." घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, नऊ वर्षं ती रात्री दोनदा उठते. तिचा झोपेचा दिवसही आम्ही चौकटीत टाकला. ती जागा नकाशावर नाही, पण आमच्या बेतातली ती सगळ्यात पक्की जागा आहे.

आणि मी मागितला श्रीपाद, म्हणजे ॲडम्स पीक. अरब खलाशी या बेटाला सरनदीप म्हणायचे. 2,243 मीटर उंच शिखरावर खडकात पावलासारखा एक ठसा आहे. बौद्ध त्याला बुद्धाचं पाऊल मानतात, हिंदू शिवाचं, आणि मुसलमानांच्या लोकपरंपरेत ते हजरत आदमचं पाऊल, जन्नतमधून उतरल्यावर जमिनीवर पडलेलं. कुराणात या जागेचा उल्लेख नाही, ही अकिद्याची गोष्ट नाही, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगते. पण इब्न बतूता 1344 मध्ये तिथं चढून गेला होता. एकाच दगडावर इतक्या लोकांनी आपापलं पाऊल पाहावं आणि तरी एकाच वाटेने चढावं, याचं मला लहानपणापासून आकर्षण आहे. सुमारे साडेपाच हजार पायऱ्या आहेत. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होतो आणि वैशाखी पौर्णिमेला संपतो, म्हणजे मेमध्ये तो सरत आलेला असतो. माझा डावा गुडघाही सरत आलाय. म्हणून माझ्या जागेपुढे मीच लिहिलं, "पाऊस असेल तर पायथ्याशी चहा." वर पोचलेच पाहिजे असा हट्ट धरला तर उरलेल्या तिघींचे दोन दिवस माझ्या गुडघ्याभोवती फिरतील.

मग नियम. तिघेजण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावं, अशी हदीस आहे. लहानपणी मला वाटायचं अमीर म्हणजे हुकूम सोडणारा. आता चार शहाण्या बाया एका बसस्टँडवर "तू सांग", "नाही, तू सांग" करत उभ्या राहिलेल्या डोळ्यांसमोर आणल्या आणि त्या हदीसचं शहाणपण कळलं. आमच्यात रोज एक अमीर. तिने त्या दिवशीची गाडी, जेवण आणि मुक्काम ठरवायचा. बाकीच्यांनी आदल्या रात्री मत द्यायचं, दिवसा कुरकुर करायची नाही. जिला बरं नसेल, पाळी असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल तिने कारण न देता खोलीवर थांबायचं. वेगळं फिरायचं असेल तर दोघी-दोघी, आणि मगरिबच्या आधी मुक्कामावर. चौघींच्या कागदपत्रांच्या प्रती चौघींकडे आणि घरी एकाकडे. भूगोलवाली आणि विज्ञानवालीनेही अमीर हा शब्द असा उचललाय की परवा फोनवर ऐकू आलं, "ए अमीर, आज बैठक किती वाजता?"

नमाजचं गणितही बसवावं लागलं. मुसाफिराला कस्र आहे, चार रकातींच्या दोन होतात. पण मी शाफई आणि गणितवाली हनफी. मी प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करू शकते, तिच्या मसलकात तशी मुभा नाही. एका गावी चार दिवस राहायची नियत केली तर मला पूर्ण नमाज, तिला पंधरा दिवसांपर्यंत कस्रच. म्हणून लांबच्या बसप्रवासात तिच्या असरसाठी थांबा धरायचा, माझ्या सोयीने नाही. हे ऐकून विज्ञानवाली म्हणाली, "म्हणजे तुमच्यातही इतकं वेगळं असतं?" वीस वर्षांच्या मैत्रीत हा प्रश्न पहिल्यांदा आला, आणि तोही बसचं वेळापत्रक आखताना.

खाण्याची काळजी मला कमी आहे. त्यांचे इडियप्पम म्हणजे आमच्या शिरवाळ्या, त्यांचा नारळ आमच्याइतकाच हात सैल सोडून घातलेला. हलाल जेवण शोधायला मुसलमानांची हॉटेलं आहेत. अडचण भूगोलवालीची. ती शाकाहारी, आणि तिथं नारळाच्या संबोलात आणि कित्येक भाज्यांतही मालदीव फिश नावाचा सुकवलेल्या माशाचा चुरा पडतो. "मासा नको" हे वाक्य सिंहली आणि तमिळ दोन्हींत लिहून घ्यायचं काम भाषावाली म्हणून माझ्याकडे आलंय. औषधाच्या डब्यात डास पळवणारं मलम आहेच. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली, पण डेंग्यू आहे.

भाषेवरून एक गंमत. शाळेतला एक सहकारी म्हणाला, "तिथं मुसलमान आहेत ना, मग मॅडम, तुमचं उर्दू चालेल." तिथल्या लोकसंख्येत साधारण दहा टक्के मुसलमान आहेत, बहुतेक आमच्यासारखे शाफई, पण त्यांची भाषा बहुतांशी तमिळ. अरबी लिपीत तमिळ लिहायची अरवी नावाची परंपराही त्यांच्यात होती. मी त्याला म्हटलं, "सर, आमच्या घरात कोकणी बोलतात, शाळेत मी मराठी शिकवते, तरी लोक मला विचारतात तुमचं मराठी एवढं चांगलं कसं. तिथल्या बाईलाही कुणीतरी विचारत असेल, तुमचं तमिळ एवढं चांगलं कसं."

अम्मींचा शेवटचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "आपल्या लोकांना तिथं त्रास नाही ना?" मी खोटं बोलले नाही. 21 एप्रिल 2019 ला ईस्टरच्या दिवशी तिथं चर्च आणि हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं मेली, करणारे मुसलमान होते. त्यानंतर निरपराध मुसलमानांची दुकानं-घरं जळाली. कोविडच्या काळात मृतांना सक्तीने दहन करायचा नियम होता, तो फेब्रुवारी 2021 मध्ये मागे घेतला गेला. त्याआधी 1990 मध्ये काट्टानकुडीत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक लोकांना एलटीटीईने मारलं होतं. अम्मींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळीकडे सारखंच." मी म्हटलं, "हो. आणि सगळीकडे चहा पाजणारी माणसंही असतात." मी डोक्यावर ओढणी घेते, तिथंही घेईन. आणि कोलंबोच्या पेट्टामधली ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद निदान बाहेरून डोळे भरून पाहीन.

गणितवालीचा हिशेब असा. विमान, विमा, ईटीए आणि पहिल्या-शेवटच्या रात्रीचा मुक्काम यांसाठी 30,000. बारा दिवसांचे रोजचे 2,500, म्हणजे तिथले साधारण आठ हजार रुपये, असे 30,000. उरलेले 10,000 अडीअडचणीला, आणि ते खर्च झाले नाहीत तर कुणी त्याची साडी घ्यायची नाही. आगाऊ फक्त तिकीट आणि कोलंबोतल्या त्या दोन रात्री. मधले मुक्काम रद्द करता येतील असेच धरायचे. ईटीएचे नियम आणि फी बदलत असतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात सरकारी साइटवरच बघायचं, एजंटाच्या मेसेजवर नाही. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा. आणि ज्यांच्या नावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि लग्नानंतर तिसरं आहे, त्या माझ्या भगिनींनी आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत. आमच्या नावांचा उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जो प्रवास होतो तो कुठल्याही विमानापेक्षा खडतर असतो. माझे त्यात चार महिने गेले.

खालाजानना "तिथं काय आहे" याचं उत्तर मी परवा दिलं. म्हटलं, "एक झाड आहे, एक दगड आहे, समुद्र आहे, आणि गणितवालीची झोप आहे." त्यांना ते कितपत पटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. पण जाताना त्यांनी हळूच विचारलं, "पासपोर्टला कायकाय कागद लागतात गो?" मी यादी लिहून दिली आहे. रमजान येतोच आहे, आमच्या प्रवासासाठीही दुआ करा.